‘दोन्ही हातांनी जेवता का?’ : पक्षाघातोत्तर स्व-कार्यक्षमतेच्या मापनाची चिकित्सा (जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेली व्यक्ती पुन्हा चालू लागेल की नाही, हे केवळ तिच्या मेंदूतील इजेच्या आकारावर ठरत नाही. सारख्याच दुर्बलतेच्या दोन रुग्णांपैकी एक सहा महिन्यांत अंगणात येतो आणि दुसरा अंथरुणाला खिळून राहतो, हा अनुभव भौतिकोपचार करणाऱ्यांना नित्याचा आहे. या फरकामागील एक कारण म्हणून ‘स्व-कार्यक्षमता’ या संकल्पनेकडे पाहिले जाते. २०११ मध्ये कॉर्पर्शूक व सहकारी यांनी तोवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यात स्व-कार्यक्षमतेचा संबंध रुग्णाची हालचाल, दैनंदिन कामे व जीवनमान यांच्याशी सम दिशेने आणि नैराश्याशी व्यस्त दिशेने असल्याचे दिसून आले. जे महत्त्वाचे ते मोजावयास हवे, या न्यायाने मग मापनाची साधने निर्माण झाली. त्यांपैकी विशेष प्रसिद्ध पावलेले साधन म्हणजे फिओना जोन्स, सेसिली पार्ट्रिज आणि फिओना रीड यांनी २००८ मध्ये इंग्लंडात सिद्ध केलेली तेरा विधानांची पक्षाघात स्व-कार्यक्षमता प्रश्नावली.

प्रस्तुत लेखात या प्रश्नावलीची चिकित्सा पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. लेखाचे स्वरूप सर्वेक्षणाचे नाही. एक साधन, त्यामागील सिद्धान्त आणि ते जेथे नेले जाण्याची शक्यता आहे तो परिसर, या तिहींना समोरासमोर ठेवून केलेले हे वाचन आहे.

हाच परिसर का, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू, बैठ्या माणसांचा आजार आहे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात अजूनही आढळतो. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची जी पाहणी केली, तिने या समजाला मोठा धक्का दिला. त्या गावांतील एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे सातांतील एक मृत्यू, पक्षाघाताने झालेला होता आणि त्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक मृत्यू घरीच झाले होते. गडचिरोली म्हणजे जव्हार नव्हे, हे मान्य. तथापि डोंगराळ भूभाग, विखुरलेली वस्ती आणि मोठ्या रुग्णालयापासूनचे अंतर या तीन बाबतींत दोहोंचे साम्य आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे हे दोन तालुके म्हणजे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या समाजांची भूमी. दोन्ही तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्या पलीकडचे उपचार म्हणजे घाट चढून नाशिक किंवा उतरून ठाणे-मुंबई. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोलीने येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही मुदत रस्त्यातच संपते. म्हणून येथे जो जगतो, तो पुष्कळदा मोठी दुर्बलता घेऊन जगतो, आणि त्याचे ‘पुनर्वसन’ म्हणजे त्याचे घर, त्याची माणसे आणि त्याचा स्वतःचा धीर एवढेच असते. स्व-कार्यक्षमतेची संकल्पना कोठे उपयोगी पडावयाची असेल तर ती येथे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप मोजण्याच्या रीतीला आहे.

संकल्पना आणि तिचे मराठी नाव

अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना मांडली आणि १९९७ च्या ग्रंथात तिचा विस्तार केला. विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट कृती आपण पार पाडू शकू, असा व्यक्तीचा स्वतःविषयीचा निवाडा म्हणजे स्व-कार्यक्षमता. या विश्वासाचे चार स्रोत त्यांनी सांगितले : स्वतः काम साधल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते साधताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीराकडून व मनःस्थितीकडून मिळणाऱ्या खुणा.

मराठी पारिभाषिक शब्दाने येथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘कार्यक्षमता’ हा शब्द आपण यंत्राच्या, कारकुनाच्या आणि नगरपालिकेच्या संदर्भात वापरतो. त्याचा अर्थ प्रत्यक्ष काम करण्याची ताकद वा तत्परता असा होतो. बांदुरा यांची संकल्पना ताकदीविषयी नसून ताकदीवरील भरवशाविषयी आहे. शब्द रूढ होत आला असल्याने येथेही तोच वापरला आहे; परंतु त्यामुळे होणारी चूक लक्षात ठेवावी लागते. महोनी व बार्थेल यांचा १९६५ चा निर्देशांक रुग्ण काय करतो हे दहा बाबींत मोजतो. स्व-कार्यक्षमतेची प्रश्नावली रुग्णाला काय करता येईल असे वाटते, ते विचारते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत या दोन गोष्टी सर्रास एकमेकींच्या जागी बसवल्या जातात. हा दोष मी स्वतःही केलेला आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी मी दहा विधानांची सर्वसाधारण स्व-कार्यक्षमता मापनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर वापरली. तिचे मराठी भाषांतर, पुन्हा इंग्रजीत उलट-भाषांतर, मग दोहोंची तुलना, हे सर्व सोपस्कार यथासांग पार पाडले आणि आकडे जुळले म्हणून समाधान मानले. विधाने विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील कोणत्या कामाविषयी आहेत, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही आणि मौखिक परीक्षेत कोणी विचारलाही नाही.

बांदुरा यांनी मात्र तो प्रश्न फार पूर्वीच विचारून ठेवला होता. स्व-कार्यक्षमतेच्या मापनी कशा तयार कराव्यात याविषयी २००६ मध्ये त्यांनी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात एकच मापनी सर्वांना व सर्वत्र लावण्याच्या कल्पनेला त्यांनी स्पष्ट विरोध केला आहे. मापनी त्या त्या कार्यक्षेत्रातून घडली पाहिजे. त्या क्षेत्रात माणसाला खरोखर कोणत्या अडचणी येतात हे आधी शोधावे आणि त्या अडचणींच्या चढत्या पायऱ्यांवर त्याचा विश्वास विचारावा, असा त्यांचा आग्रह आहे. सर्वांना सहज साधणारे काम विचारून काही कळत नाही. अडचण असली तरच विश्वासाला अर्थ.

या कसोटीवर जोन्स यांची प्रश्नावली तिच्या जन्मस्थानी उतरते. ती आटोपशीर आहे, तिच्या जडणघडणीत रुग्णांचा सहभाग आहे, आणि ‘थकवा आलेला असतानाही’ अशा अटी घालून तिने काही विधानांत अडचणीची पायरी आणली आहे. २०१४ मध्ये रियाझी, अ‍ॅस्पडेन व जोन्स यांनी राश विश्लेषणाने तिची फेरतपासणी केली, शून्य ते दहा ही मूळ श्रेणी शून्य ते तीन अशी चारच पायऱ्यांची करावी असे सुचवले आणि तेरा विधानांचे दोन गट मानले : आठ हालचालींची, पाच स्व-व्यवस्थापनाची. स्वतःच्या साधनाची अशी चिरफाड करून घेण्याची वृत्ती आपल्याकडे दुर्मीळ आहे, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.

तेरा विधाने आणि एक पाडा

साधन आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरात नेले की काय होते, ते पाहण्यासाठी त्या तेरांपैकी काही विधानांचा आशय घेऊ.

एक विधान रात्री पलंगावर स्वतःला नीट आरामात पडता येण्याविषयी आहे, दुसरे थकलेले असतानाही पलंगावरून स्वतः उठण्याविषयी. पलंगाची उंची हा या दोन्ही विधानांचा न सांगितलेला आधार आहे. सारवलेल्या जमिनीवर गोधडी अंथरून झोपणाऱ्या माणसाला उठताना आधी कुशीवर वळावे लागते, मग एका हातावर भार द्यावा लागतो, गुडघा रोवावा लागतो आणि तेथून सारे शरीर उचलावे लागते. अर्धांग गेलेल्या शरीराला हे काम पलंगाच्या कडेवर बसून पाय खाली सोडण्यापेक्षा कित्येक पटींनी अवघड आहे. भाषांतरकार ‘पलंग’ काढून ‘अंथरूण’ लिहील आणि विधान मराठी झाले असे मानील. प्रत्यक्षात त्याने नकळत एका सोप्या प्रश्नाच्या जागी एक अवघड प्रश्न बसवला. त्यानंतर लंडनच्या रुग्णाचे दोन आणि मोखाड्याच्या रुग्णाचा एक, हे गुण एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडले जातील आणि मोखाड्याच्या रुग्णाचा आत्मविश्वास कमी आहे असा निष्कर्ष निघेल.

दोन्ही हात वापरून जेवता येण्याविषयीचे विधान याहून बोलके आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर गेले असता, उजवी बाजू लुळी पडलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी या विधानाचे कच्चे भाषांतर वाचून दाखवले. त्यांच्या पत्नीला हसू आवरेना. दोन हातांनी कोण जेवतो, असे तिने मलाच विचारले. त्या विधानामागे काटा आणि सुरी आहेत, हे तिला समजावून सांगताना माझ्या ध्यानात आले की हसण्यासारखे येथे फार थोडे आहे. आपल्या संस्कृतीत दोन हातांची कामे वाटून दिलेली आहेत. उजवा हात जेवणाचा, देण्याघेण्याचा, देवाचा; डावा शौचाचा. इंग्लंडमध्ये उजवा हात गेला तर एक हात गेला. येथे उजवा गेला की माणसाला डाव्या हाताने जेवावे लागते, चारचौघांत पंगतीला बसताना तो संकोचतो, आणि तोच हात धुण्यासाठीही वापरावा लागतो. डावा गेला तर जेवणाचा प्रश्न येत नाही, शौचाचा येतो, आणि तो कोणाला सांगता येत नाही. म्हणजे एकाच विधानात येथे दोन भिन्न दुःखे आहेत आणि प्रश्नावली त्या दोहोंनाही स्पर्श करीत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डाव्या गोलार्धात असते आणि डाव्या गोलार्धातील इजेने शरीराची उजवी बाजू दुर्बल होते. ज्याचा जेवणाचा हात जातो, त्याचीच वाचा जाण्याची शक्यता अधिक असते. प्रश्नावलीला उत्तर देता येत नाही म्हणून असे रुग्ण अभ्यासातून वगळले जातात. उलट उजव्या गोलार्धात इजा झालेल्या काही रुग्णांना आपल्या दुर्बलतेची जाणीवच राहत नाही. ते सर्व विधानांना बिनदिक्कत पूर्ण गुण देतात.

शौचास जाण्याविषयी तेरा विधानांत एकही विधान नाही. पाश्चात्त्य घरातील कमोडवर बसणे हे पलंगावरून उठण्याहून फार निराळे नसावे. त्यामुळे तेथे ही उणीव जाणवत नसेल. पाड्यावर मात्र दिवसाचे सर्वांत अवघड काम तेच आहे. उकिडवे बसणे, बसल्या जागी तोल सांभाळणे, एका हाताने तांब्या धरून दुसऱ्याने धुणे आणि आधाराविना उठणे. २०१४ नंतरच्या स्वच्छ भारत अभियानात बांधलेल्या शौचालयांतही भांडे उकिडवे बसण्याचेच आहे. जेथे शौचालय नाही किंवा पाणी नाही, तेथे उतारावरून अंधारात जाणे आले. स्त्री-रुग्णाच्या बाबतीत तर सोबत कोण येणार, हा प्रश्न आधी आणि पाय उचलेल का, हा नंतर. जे काम स्वतः करता आले म्हणजे रुग्णाला आपण पुन्हा माणसांत आलो असे वाटते, ते काम मापनीत नाही, आणि काट्यासुरीचे आहे.

घराबाहेर कोणत्याही पृष्ठभागावर सुरक्षितपणे एकट्याने चालण्याचे विधान वरवर निरुपद्रवी आहे. परंतु येथे पृष्ठभाग महिन्यागणिक बदलतो. वैशाखातील कोरडी पायवाट आणि आषाढातील लाल चिखलाची घसरण या दोन निराळ्या वाटा आहेत. मे महिन्यात या विधानाला तीन गुण देणारा गृहस्थ जुलैमध्ये एक देईल. संख्याशास्त्राच्या भाषेत यास मापनीची अस्थिरता म्हणतील किंवा रुग्णाच्या विश्वासातील घट म्हणतील. वस्तुतः त्याचा निवाडा दोन्ही वेळा अचूक आहे. ऋतूप्रमाणे माणसेही बदलतात. दिवाळीनंतर घरातील धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर वा भिवंडी-वसईकडे कामाला जातात, म्हातारी आणि लहान मुले मागे राहतात. भाताच्या आवणीच्या दिवसांत घर भरलेले असते, पण कोणाला क्षणाची उसंत नसते. आधार देणारा हात आहे की नाही यावर रुग्णाचा धीर अवलंबून असेल, तर मापनाच्या तारखेशेजारी ऋतू आणि घरातील माणसे यांची नोंद हवी.

उरलेल्यांपैकी एक विधान उपचार संपून घरी गेल्यानंतरही प्रगतीसाठी नेटाने झटण्याविषयी आहे. ज्याला भौतिकोपचार मिळालाच नाही, त्याने याचे उत्तर काय द्यावे? झटक्यापूर्वी आवडत असलेल्या गोष्टी करीत राहण्याविषयीच्या विधानावर मी अधिक काळ थांबले. ‘आवडीच्या गोष्टी’ म्हटले की फावल्या वेळातील छंद डोळ्यांसमोर येतात. येथे मोहाची फुले वेचणे, नागलीच्या शेतावर जाणे, गुरांमागे फिरणे हे काम आहे आणि आवडही आहे. आणि एखादा तारपा वाजवणारा असेल तर? तारप्याला गालांत भरलेला श्वास आणि दोन्ही हातांची बोटे लागतात. तोंडाची एक बाजू ओघळलेल्या वादकाने काय गमावले, ते ‘बहुतेक आवडीच्या गोष्टी’ या शब्दांत मावत नाही. हे एक विधान मात्र मी टाकून देणार नाही; ते मोकळे सोडून रुग्णालाच भरू द्यावे.

‘शकणे’, ‘येणे’, ‘-वणे’ आणि ‘धीर होणे’

भाषांतराचा प्रश्न येथवर वस्तूंपुरता होता. तो व्याकरणातही आहे, आणि माझ्या मते तेथे अधिक खोल आहे. इंग्रजीत क्षमता सांगण्यास एक लहानसे सहायक क्रियापद पुरते. मराठीत त्या जागी किमान तीन रचना आहेत. ‘मी चालू शकतो’ यात शक्यता आणि मुभा आहे. ‘मला पोहता येते’ यात शिकून घेतलेले कौशल्य आहे. ‘मला चालवते’, ‘मला जिना चढवत नाही’ यात शरीराची त्या क्षणीची ताकद आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या (१९११) ग्रंथांतून शक्य क्रियापद म्हणून ओळखला जाणारा हा शेवटचा प्रकार आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. प्रत्यक्ष बोलण्यात अर्थछटा एकमेकींत मिसळतात हे खरे. पण आजारी माणूस आपल्या अंगाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘-वत नाही’ हेच येते. ‘बसवत नाही’, ‘उठवत नाही’, ‘घास गिळवत नाही’.

दोन गोष्टी यातून दिसतात. हे रूप होकारापेक्षा नकारात अधिक वावरते. ‘मला आज चालवते’ असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे शारीरिक क्षमतेचे सर्वांत स्वाभाविक मराठी क्रियापद गमावलेल्या क्षमतेचे क्रियापद आहे. त्यात विचारलेला प्रश्न उत्तराला नकाराकडे ढकलण्याचा धोका आहे. दुसरी गोष्ट अशी की, ‘बघवत नाही’, ‘सांगवत नाही’, ‘राहवत नाही’ येथेही हेच रूप येते, आणि तेथे डोळे, जीभ वा पाय शाबूत असून मन तयार नसते. शरीर आणि मन यांच्यातील जी सीमारेषा मापनशास्त्र गृहीत धरते, ती या एका प्रत्ययात पुसलेली आहे.

मग प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा? भाषांतरित प्रश्नावल्यांत सहसा ‘आपणांस कितपत आत्मविश्वास वाटतो’ असे वाक्य असते. हे पुस्तकी आहे, आणि ‘आत्मविश्वास’ हा शब्द ऐकताच माणूस आपल्या स्वभावाची परीक्षा चालली आहे असे समजतो. बोलण्यातील शब्द ‘जमणे’ आणि ‘धीर होणे’ हे आहेत. ‘एकट्याने ओढ्यापर्यंत जायला जमेल का?’ ‘रात्री एकट्याने बाहेर जायचा धीर होतो का?’ पहिल्या प्रश्नात क्षमतेचा अंदाज आहे, दुसऱ्यात भीतीसह त्या अंदाजाची किंमत आहे. बांदुरा यांच्या मते प्रश्न क्षमतेविषयी असावा, इराद्याविषयी नसावा. ‘जमेल’ हे रूप भविष्यकाळी असले तरी त्यात इरादा नाही, आणि म्हणून ते या कसोटीस उतरते. अर्थात हे प्रमाण मराठीपुरते झाले. वारली, कातकरी वा कोकणा बोली घरात बोलणाऱ्यांसाठी प्रमाण मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. त्या बोलींत योग्य क्रियापद कोणते, हे त्या बोलींच्या भाषकांनीच ठरवावयाचे आहे.

आजाराच्या नावाचाही विचार येथे करावा लागतो. ‘पक्षाघात’ हा आपला, छापील शब्द. बोलीत ‘लकवा’ म्हणतात, किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. वारे बाहेरून येते आणि जाते. ते माणसाच्या हातचे नसते. जे बाहेरून आले ते भगताने काढावे, हा विचार या शब्दाशी सुसंगत आहे. त्याच शब्दात दुसरी बाजूही दडलेली आहे, कारण वारे येते तसे ओसरतेही. या समजुतीने रुग्णाचा प्रयत्न मंदावतो की त्याला उमेद मिळते, हे घराघरांतून ऐकल्याशिवाय सांगणे घाईचे होईल.

उत्तर देणाऱ्याची बाजू

प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेची चर्चा करताना आपण गृहीत धरतो की उत्तर देणाऱ्याला खरे सांगण्यात काही तोटा नाही. जव्हार-मोखाड्यात हे गृहीत टिकत नाही. १९९२-९३ च्या वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनंतर हा परिसर मोजणाऱ्यांच्या नकाशावर आला. मुलांचे वजन, दंडाचा घेर, कुटुंबाचे उत्पन्न, दारिद्र्यरेषेची यादी, वनहक्काचे दावे : कागद घेऊन आलेला माणूस काही विचारतो आणि उत्तरावर काहीतरी मिळणे न मिळणे अवलंबून असते, हा येथील तीन दशकांचा अनुभव आहे. पक्षाघाताच्या रुग्णासमोर तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न प्रत्यक्ष उभा असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्व ही मर्यादा आहे. तेथे ‘मला जमते’ म्हणणारा हरतो. अशा माणसाला आपण विचारतो की, तुम्हाला घराबाहेर एकट्याने जाता येईल असा किती विश्वास वाटतो. त्याने कमी सांगितले तर तो त्याचा व्यवहारी शहाणपणा आहे. त्याला आपण ‘न्यून स्व-कार्यक्षमता’ असे नाव देतो, आणि त्यावर समुपदेशनाचा उपाय सुचवतो.

याच्या उलट, पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून ‘होईल की’, ‘बघू’ असे म्हणणारेही असतात. मॅडम एवढ्या लांबून आल्या, त्यांना नाही कसे म्हणावे! हे ‘होईल’ आकड्यात तीन होते.

श्रेणीचा प्रश्न त्यामानाने सुटण्याजोगा आहे. बांदुरा यांनी मापनीपूर्वी सरावासाठी वजन उचलण्याचे उदाहरण दिले आहे : इतके पौंड उचलू शकाल, त्याहून अधिक उचलू शकाल, असे वाढत जाणारे. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या स्त्रियांच्या प्रदेशात पौंडांची गरज काय? रिकामा हंडा, अर्धा हंडा, भरलेला हंडा आणि त्यावर दुसरा भरलेला हंडा या चार चित्रांत चार पायऱ्या येतात, आणि २०१४ च्या फेरतपासणीनेही चारच पायऱ्या मागितल्या आहेत. जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना पिकाची आणेवारी ठाऊक आहे. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे ही मोजदाद त्यांना शून्य ते दहापेक्षा जवळची वाटेल. दोन्ही पर्याय प्रत्यक्ष वापरून पाहण्याजोगे आहेत.

तुलनेचा मोह आणि कुटुंबाचा भरवसा

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. विधाने बदलली, श्रेणी बदलली, क्रियापद बदलले, तर ती प्रश्नावली तीच राहत नाही आणि जगातील अन्य अभ्यासांशी तुलना अशक्य होते. आक्षेपात तथ्य आहे. पण तुलना कशाची? विधानांचे शब्द सारखे ठेवून कामांची अवघडता बदलली, तर राहते ती आकड्यांची तुलना, माणसांची नव्हे. बांदुरा यांच्या कार्यक्षेत्राच्या अटीशी प्रामाणिक राहावयाचे तर त्यांच्या नावाने चालणारी मापनी येथे मोडून पुन्हा बांधावी लागेल. तेरा विधाने जशीच्या तशी राखणे ही मूळ साधनाशी निष्ठा वाटते. सिद्धान्ताशी मात्र ती प्रतारणा आहे.

दुसरा मोह याच्या नेमका उलट आहे, आणि आपल्या लेखनात तो अधिक आढळतो. पाश्चात्त्य मापन एकट्या व्यक्तीचे आणि आपली संस्कृती कुटुंबाची, म्हणून कुटुंबच खरे पुनर्वसन, असे म्हणून टाळ्या घेता येतात. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण घेऊन कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण प्रशिक्षण मिळालेल्या व न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के, निघाले. कुटुंबाचे प्रेम पुरेसे ठरले नाही. तेव्हा रुग्णाच्या स्वतःच्या धीराचा प्रश्न कुटुंबाच्या नावाखाली मिटवून चालणार नाही. तो विचारावाच लागेल. आणि त्यासोबत, कोणाच्या सोबतीने जमेल व कोणत्या महिन्यात जमेल, हेही विचारावे लागेल. दुसऱ्याच्या मदतीने साधण्याची क्षमता बांदुरा यांनी स्वतंत्रपणे मांडलेली आहे, पण तेरा विधानांत तिला वाव नाही.

पाड्यावरील त्या गृहस्थांकडे शिबिर संपण्यापूर्वी मी पुन्हा गेले. या वेळी कागद मिटलेला ठेवला आणि पहाटे एकट्याने बांधापलीकडे जायचा धीर होतो का, एवढेच विचारले. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. मग पायाकडे पाहून सांगितले की, काठी आहे, वाट ओळखीची आहे, पाऊस सरला की जमेल. नातू उठला तर आताही जमेल, पण त्याला झोपेतून उठवायला जीव होत नाही. मी ते कागदाच्या मागील कोऱ्या बाजूवर लिहून घेतले.